दुधाचा हिशेब लागतो, देहाचा का नाही?

जून संपत आला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका आता निम्मी उलटली आहे. तिच्यावर नुसती नजर टाकली तरी घरचा कारभार कळतो. दूध घेतले नाही त्या तारखेवर फुली, पाहुणे आले त्या चौकोनात ‘१ ली. जास्त’, गॅसचा सिलिंडर लावला तो दिवस, कामवाल्या मावशींचे खाडे, भिशीचा हप्ता, इस्त्रीला गेलेले कपडे. महिनाअखेरीस दूधवाला दाराशी आला की दोन मिनिटांत हिशेब मिटतो. सिलिंडर नेमका कधी संपेल याचा अंदाज घरातल्या बाईला चार दिवस आधीच असतो. मोजावे कसे, नोंदवावे कसे आणि नोंदीवरून पुढचे ठरवावे कसे, हे मराठी घराला कोणी शिकवायला नको.

पण त्याच दिनदर्शिकेचे जानेवारीचे पान पुन्हा काढून पाहावे. ‘रोज चालणे’, ‘वजन कमी’, ‘बाथरूमची गळती काढणे’, ‘आईची साखर तपासणे’ असे काहीबाही तिथे उत्साहाने लिहिलेले सापडेल. काही घरांत हे संकल्प १ जानेवारीला होतात, काहींत गुढीपाडव्याला. फेब्रुवारीच्या पानावर मात्र त्यांचा मागमूस नसतो. दुधाचा एक दिवस चुकत नाही आणि देहाचे सहा महिने कसे गेले ते कळत नाही. वर्ष निम्मे सरत असताना या विसंगतीकडे पाहायला हवे, कारण तिच्यावर आपण समजतो त्याहून बरेच काही अवलंबून आहे.

संकल्प मोडला की आपण दोष देतो तो मनोबलाला. ‘आपल्याच्याने होत नाही’ असे म्हणून विषय संपतो. वर्तनशास्त्रातील संशोधन याहून साधी गोष्ट सांगते. आपल्या प्रगतीची नोंद ठेवल्याने ध्येय गाठायला मदत होते का, हे पाहणाऱ्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून सुमारे २० हजार लोक सहभागी होते. उत्तर होकारार्थी निघाले आणि त्यात दोन बारकावे होते. नोंद नुसती मनात न ठेवता प्रत्यक्ष लिहून ठेवली, तर परिणाम अधिक होतो. ती दुसऱ्या कोणाला दिसत असेल, तरीही परिणाम वाढतो. भिंतीवरची दिनदर्शिका या दोन्ही कसोट्यांना उतरते: ती लिहिलेली असते आणि येताजाता घरातल्या सगळ्यांना दिसते.

आहाराबाबतही असेच आढळले आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत वजन कमी करू पाहणारे सुमारे १,७०० लोक होते. त्यांपैकी रोज काय खाल्ले ते लिहून ठेवणाऱ्यांचे वजन, काहीच न लिहिणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटले. लिहिणारे मुळातच अधिक चिकाटीचे असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ‘दोनच भजी खाल्ली’ हे मनाला सांगणे सोपे आणि वहीत ‘भजी – ७’ असे लिहिणे अवघड, हा अनुभव कोणीही एका संध्याकाळी घेऊन पाहू शकतो.

मग मनगटावर पट्टा बांधला की काम झाले, असे वाटेल. इथे सावध राहायला हवे. २०१६ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. १८ ते ३५ वयाच्या सुमारे ४७० जणांना आधी सहा महिने आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिले गेले. नंतर निम्म्यांना हालचाल मोजणारा पट्टा मिळाला, तर उरलेल्यांना आपला आहार-व्यायाम स्वतःच नोंदवायला सांगितले गेले. दोन वर्षांअखेर स्वतः नोंदवणाऱ्यांचे वजन सरासरी ५.९ किलोने घटले होते, पट्टेवाल्यांचे ३.५ किलोने. म्हणजे यंत्र निरुपयोगी आहे असे नाही. पण यंत्राने मोजणे आणि आपण मोजणे यांत फरक आहे. यंत्राने परस्पर साठवलेल्या आकड्याकडे आपण पाहिलेच नाही, तर त्या आकड्याचा आपल्या वागण्याशी संबंध उरत नाही.

पुढचा प्रश्न: मोजायचे काय? बहुतेकांचा संकल्प फळाचा असतो. ‘सहा किलो वजन कमी करीन’ हे फळ झाले. त्यावर आपला थेट ताबा नाही. वजन तर एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होऊ शकते. आदल्या रात्रीचे खारट जेवण, शरीरात साठलेले पाणी, पाळीचे दिवस, शौचाला झाले की नाही, एवढ्यानेही काटा हलतो. आठवडाभर पथ्य पाळून काटा अर्धा किलो वर गेलेला दिसला की माणूस खचतो आणि सगळेच सोडून देतो. त्याऐवजी ‘जेवणानंतर २० मिनिटे चाललो की नाही’ याची फुली रोज करता येते. कृतीची नोंद रोज ठेवावी आणि फळाची नोंद त्याच्या वेळेला घ्यावी, हा यातला मुख्य नियम म्हणता येईल.

कारण प्रत्येक मोजमापाला आपली एक लय असते. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, काही खाण्याआधी पाहावे. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा पुरे. मधुमेहींची एचबीए१सी ही तपासणी दर महिन्याला करून फारसे हाती लागत नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे ही तपासणी सांगते. म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोषवारा असतो. आदल्या आठवड्यात गोड बंद केले म्हणून तो एकदम सुधारत नाही आणि एका लग्नाच्या जेवणाने एकदम बिघडतही नाही. रोपटे रोज उपटून मुळे किती वाढली हे कोणी पाहत नाही, तसेच हे.

रक्तदाबाची लय याहून वेगळी आहे. तो दिवसभर वरखाली होतो, म्हणून एका आकड्यावर विसंबता येत नाही. घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला असावा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, सिगारेट किंवा व्यायाम नको. मोजताना बोलणे नको. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे, सकाळी आणि रात्री, असे काही दिवस करून सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जाते, तर घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ आहे. वहीतली अशी आठवड्याची नोंद डॉक्टरांना दवाखान्यात घाईत घेतलेल्या एका आकड्यापेक्षा अधिक सांगते. मात्र आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे असे काही असेल, तर नोंदी करत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

आकडा कुठून आला हेही विचारायला हवे. रोज १० हजार पावले हा आज जणू धर्मनियम झाला आहे. त्याचा उगम १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. ‘मानपो-केई’ म्हणजे १० हजार पावले मोजणारे. ते विक्रीचे नाव होते, वैद्यकीय निष्कर्ष नव्हता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील १६ हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि साधारण ७,५०० च्या पुढे हा फायदा आणखी वाढत गेलेला दिसला नाही. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते, त्यामुळे तोच आकडा तिशीतल्या माणसाला लावू नये. पण गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना १० हजारांचा धाक घालून निराश करण्यापेक्षा, आज आहेत त्यापेक्षा हजार-दीड हजार पावले अधिक, हे ध्येय केव्हाही बरे.

घराचेही असेच आहे. घराची सुधारणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नवा रंग, मॉड्युलर किचन, फरशी येते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र घराची खरी कामे लहान आणि वारंवार करण्याची असतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाटचाल आपल्याकडच्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते ते याच हिशेबाने. पिंप, कूलर, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे सात दिवसांच्या आत रिकामे केले की हे चक्र तुटते. नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावेही लागते. कारण ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. जुलै ते ऑक्टोबर म्हणजे सतरा-अठरा आठवडे. दिनदर्शिकेवर तितक्या फुल्या झाल्या की नाहीत, एवढेच पाहायचे. या वर्षभरातल्या घरसुधारणेत याहून स्वस्त आणि मोलाचे काम क्वचितच सापडेल.

ओलीचेही असेच. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. भर पावसात गच्चीचे वॉटरप्रूफिंग होत नाही, पण नोंद होते. भिंतीवर ओल जिथवर आली आहे तिथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. पंधरा दिवसांनी रेघ ओलांडली गेली का ते पाहावे. भिंतीच्या तड्याच्या दोन्ही टोकांनाही अशीच खूण करावी. मुलांची उंची दाराच्या चौकटीवर आपण अशीच मोजतो. तडा खुणेपुढे सरकत असेल तर गवंड्याला बोलावून लिंपून घेणे हा उपाय नव्हे. तो अभियंत्याला दाखवावा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, आणि तारखेसह असलेल्या खुणा त्या वेळी कामी येतात. ऑक्टोबरात मिस्त्री आला की ‘कुठून तरी गळते’ असे सांगण्याऐवजी नेमकी जागा दाखवता येते. पैसे वाचतात ते इथे.

वीज-पाण्याचा हिशेब करताना तुलना कशाशी करायची हे ठरवावे. मे महिन्याच्या बिलाशी जुलैचे बिल ताडून ‘आपण वीज वाचवली’ असे मानणे म्हणजे पावसाचे श्रेय स्वतःला घेणे. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि तीही रुपयांत न करता युनिटमध्ये करावी, कारण दर बदलतात. पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहावा आणि सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर गळती आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण २० लिटर पाणी घालवतो.

हे सगळे सोपे असेल तर आपण ते करत का नाही? एक कारण अवघड आहे: आपल्याला आकडा पाहायचा नसतो. काही बिघडले असेल ही शंका असते, म्हणूनच वजनकाट्यावर पाऊल ठेवले जात नाही, बँकेचे पासबुक भरले जात नाही, तपासणीचा कागद उघडला जात नाही. वाळूत डोके खुपसणाऱ्या शहामृगाच्या समजुतीवरून मानसशास्त्रज्ञांनी या वृत्तीला नाव दिले आहे. खरा शहामृग तसे करत नाही. माणूस मात्र करतो.

आणि याची किंमत रक्तदाबात सर्वांत मोठी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी त्या-त्या व्यक्ती औषध घेत आहेत. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो कळण्याचा मार्ग एकच, मोजणे. मोजले नाही तर पहिली खबर पक्षाघाताने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने मिळू शकते. याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. गोळ्या सुरू केल्यावर आकडा १२५/८० दिसला की ‘आता बरा झालो’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारे घरोघरी आहेत. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. नोंदवहीत गोळीची फुली आणि रक्तदाबाचा आकडा शेजारी-शेजारी असतील, तर हा संबंध डोळ्यांना दिसतो.

नोंद ठेवण्याचा अतिरेकही बरा नव्हे. ज्यांना आकड्यांची धास्ती वाटू लागते, दिवसातून दहा वेळा रक्तदाब मोजला जातो, किंवा वाढत्या वयाची मुलगी घास-घास मोजून जेवू लागते, तिथे वही बंद करून डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलणे हाच इलाज. आणि एखादा दिवस हुकला म्हणून सगळे संपले असे मानणे, हीही एक चूकच. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले. पण माणसामाणसांत हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, असेही त्यात आढळले. दूध एक दिवस आले नाही म्हणून रतीब कोणी बंद करत नाही. फुली मारून पुढच्या दिवशी भांडे पुन्हा ठेवतोच की.

राहिला एक प्रश्न, जो घराघरांत टाळला जातो. हा हिशेब ठेवायचा कोणी? केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकामात हातभार लावणारे पुरुष ९७ मिनिटे. दूध, गॅस, औषधे, कोरडा दिवस, सासऱ्यांची साखर हे सगळे लक्षात ठेवण्याचे कामही बहुधा त्याच व्यक्तीकडे असते. ‘आरोग्याची वही’ म्हणून आणखी एक काम तिच्याच माथी मारायचे असेल, तर तो संकल्प न केलेलाच बरा. ज्याची गोळी, त्याची फुली. कोरडा दिवस मुलांकडे द्यावा, मीटरचा आकडा आजोबांकडे. आणि तिच्या स्वतःच्या तपासणीला दिनदर्शिकेवर तारीख आहे का, हे बाकीच्यांनी पाहावे. इतरांचे सगळे आकडे पाठ असलेल्या बाईला स्वतःचे हिमोग्लोबिन किती हे ठाऊक नसते, असे चित्र कमी घरांत नाही.

हे तत्त्व घरापुरते नाही. देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांपैकी एक होता. किती शिबिरे झाली, किती जणांना तपासले, एवढ्यावर न थांबता नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करायचा आणि त्याचा रक्तदाब आटोक्यात आला का हे पाहायचे, हा त्याचा एक पाया आहे. सरकारी कामाच्या मूल्यमापनात हा बदल महत्त्वाचा आहे. शिबिराचे फलक मोजणे सोपे असते. औषध न्यायला न आलेला रुग्ण शोधणे कठीण. नागरिकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, महापालिकेच्या दवाखान्याला हाच प्रश्न विचारत राहायला हवे: तपासलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आज आटोक्यात आहे आणि गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळतात का?

१ जुलैला दिनदर्शिकेचे पान उलटेल. त्यासाठी नवा संकल्प करण्याची गरज नाही. जानेवारीच्या यादीतली देहाची एक आणि घराची एक, अशा दोनच गोष्टी उचलाव्यात. त्या कोण करणार त्याच्या नावाचे आद्याक्षर पानाच्या कडेला लिहावे. मग दुधाच्या फुलीशेजारी दुसऱ्या रंगाच्या पेनाने आणखी एक खूण, एवढाच बदल. वर्षअखेरीला सहा पाने समोर ठेवली की काय झाले आणि काय राहिले, ते कोणी सांगावे लागणार नाही.

दूधवाला महिन्याच्या महिन्याला दाराशी येतो, म्हणून त्याचा हिशेब राहतो. देहाचा हिशेब मागायला असे कोणी येत नाही. तो आपण होऊन मागावा लागतो, आणि त्यासाठी अजून सहा महिने आहेत.